ओटीवरून मांगरापर्यंत वायफाय: चिऱ्याच्या घरात लांबच्या खोलीला इंटरनेट कसं न्यावं

कोकणातल्या घरात फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून येते आणि ओटीवरच थांबते. जोडणी करणारा मुलगा दाराच्या वर राऊटर ठोकतो, फोनवर स्पीड दाखवतो आणि पुढच्या वाडीला निघतो. इंटरनेट ज्याला हवं असतं, तो मात्र मागच्या पडवीत, माळ्यावर नाहीतर खळ्यापलीकडच्या मांगरात बसलेला असतो. मुंबईची नोकरी गावातून करायची तर निवांत खोली लागते, आणि जुन्या घरात निवांत खोली म्हणजे नेमकी ओटीपासून सगळ्यात लांबची. पर्यटकांसाठी आगरात दोन खोल्या बांधलेल्यांचीही हीच अडचण.

अशा वेळी बहुतेक जण बाजारातून भिंतीच्या प्लगात बसणारा रिपीटर आणतात. माझं मत आधीच सांगतो: लांबच्या खोलीत तार नेता येत असेल तर तारच न्यावी, आणि तिच्या टोकाला नवा वायफाय उभा करावा. क्षीण सिग्नल ओढूनताणून पुढे नेण्यापेक्षा हे काम एकदाच होतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. खर्चही फारसा नसतो. पण त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या आहेत, आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

राऊटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहा, मोबाइल डेटा बंद करा आणि स्पीड टेस्ट करा. तुमची योजना ४० एमबीपीएसची असेल आणि राऊटरसमोरच ८ मिळत असतील, तर लांबच्या खोलीत काहीही बसवून उपयोग नाही. आधी कंपनीकडे तक्रार करा. तपासणी सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करा, कारण रात्री सगळी वाडी एकदम ऑनलाइन असते.

राऊटरसमोर स्पीड बरोबर येत असेल तर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप फोनवर घ्या. त्यात सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ ला फोनवर रेघा दिसतात, पण समोरच्याचा आवाज तुटायला लागतो. उणे ८० च्या पुढे भरवसा नाही. आता ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, परसदार असं चालत जा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहा. दारं लावून मोजा, कारण रात्री ती लावलेलीच असतात. हा कागद जपून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून घ्यायचा आहे.

हे केल्यावर एक गोष्ट बहुतेक घरांत दिसून येते. सिग्नल अंतरामुळे जेवढा मरतो, त्याहून जास्त भिंतींमुळे मरतो. मोकळ्या खळ्यात पन्नास फुटांवरही बरा आकडा दिसतो, आणि माजघराच्या दोन भिंती ओलांडल्या की वीस फुटांतच तो कोसळतो. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी शोषतो, आणि पाणी वायफायच्या लहरी गिळतं. म्हणून मे महिन्यात ठीक चाललेली खोली जुलैत रुसते. शक्य असेल तर मोजमाप भर पावसात पुन्हा करा.

कौलं सिग्नलला फारशी आडवी येत नाहीत. पत्रा मात्र येतो. पावसापासून बचाव म्हणून कौलांवर किंवा अंगणावर लोखंडी पत्र्याची शेड घातलेली असेल, तर त्यातून सिग्नल आरपार जात नाही. खिडकीला लावलेली डासांची धातूची जाळी, लोखंडी कपाट, फ्रिज, भरलेली पाण्याची टाकी यांचंही तसंच. स्लॅबमध्ये सळ्या असतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर खालचा सिग्नल बराच उतरून पोचतो.

फुकटात होणारे उपाय

राऊटर ओटीवरच असला पाहिजे असा काही नियम नाही. फायबर ज्या डब्यात येते त्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत ओएनटी आणि राऊटर हे एकच यंत्र असतं, काही घरांत दोन वेगळी असतात. वेगळी असतील तर ओएनटी ओटीवरच राहू द्या आणि लॅनची दहा-पंधरा मीटरची तार टाकून राऊटर माजघरात न्या. एकच यंत्र असेल तर आतपर्यंत फायबर वाढवून द्यायला कंपनीच्या माणसाला सांगा. फायबरला हात लावायला तोच योग्य, कारण ती जोडायला वेगळं यंत्र लागतं.

नव्या जागी राऊटर डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. देवळीत, टीव्हीच्या मागे किंवा कपाटावरच्या सामानात दडवू नका. जुन्या घरांत दारं बरेचदा एका रेषेत असतात, ओटीवरून थेट परसदार दिसतं. राऊटर त्या रेषेत आला तर सिग्नल भिंतींऐवजी दारांतून जातो. लाकडी दार चिऱ्यापेक्षा कितीतरी सौम्य. फक्त हा बदल करूनही काही घरांत काम भागतं.

मग राऊटरच्या सेटिंगमध्ये जा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हळू असतो, पण भिंतींतून जास्त शिरतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमतो. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर लांबच्या खोलीत फोन ५ ला चिकटून अडकतो. तात्पुरती वेगळी नावं द्या, लांबच्या खोलीत २.४ निवडा आणि बघा. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा, बाकीचे एकमेकांवर चढतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सुट्या घरांच्या वाडीत शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी नसते, हा आपला मोठा फायदा. बाजारपेठेतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत मात्र चॅनल नीट पाहून निवडावा लागतो.

एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना चारेक एमबीपीएस पुरतात. एवढं करून लांबच्या खोलीत रात्री, दारं लावून, स्थिर १० मिळत असतील तर इथेच थांबा. पुढचं सामान विकत घेऊ नका.

रिपीटर, मेश, विजेच्या तारेतून इंटरनेट

रिपीटर जो सिग्नल ऐकतो तोच पुन्हा बोलतो. साधा रिपीटर ऐकणं आणि बोलणं एकाच पट्ट्यावर करतो, त्यामुळे वेग जवळपास अर्धा होतो. अरुंद साकवावरून एका वेळी एकाच बाजूची माणसं जाऊ शकतात, तसंच हे. तरीही भाड्याच्या घरात किंवा गणपतीच्या आठवड्यापुरती सोय म्हणून तो चालतो. फक्त जागा नीट निवडा. जिथे सिग्नल पोचत नाही त्या खोलीत तो लावू नका. तिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. कागदावर जिथे उणे ६० ते ६५ चा आकडा आहे, तिथे तो लावायचा, म्हणजे बहुतेकदा माजघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या दाराजवळ.

मेश म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन यंत्रांचा संच. तो रिपीटरपेक्षा हुशार असतो, पण भिंती त्यालाही तितक्याच जाड. घ्यायचाच असेल तर तारेने जोडता येणारा घ्या आणि तारेनेच जोडा.

घरातल्या विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारे अॅडॉप्टरही मिळतात. ते दोन्ही प्लग एकाच मीटरवर आणि शक्यतो एकाच फेजवर असतील तरच नीट चालतात. आपल्याकडे मांगराला किंवा पर्यटकांच्या खोल्यांना बरेचदा वेगळा मीटर असतो, तिथे हा मार्ग बंद. इन्व्हर्टर मध्ये आला तरी गडबड होते. विकत घेण्याआधी परत करायची सोय आहे का ते विचारा.

तार कशी न्यायची

इथे घाई करू नका. टिकाऊपणा सगळा याच कामात आहे.

लॅन तारेची मर्यादा १०० मीटर आहे, घरात तेवढी लागतच नाही. कॅट-५ई तारेवर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, चालतं. नवीन घेताना कॅट-६ घ्या, किमतीत फार फरक नसतो. खरी काळजी घ्यायची ती तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार सर्रास मिळते. ती लवकर तुटते, खाऱ्या दमट हवेत सांध्यापाशी खराब होते आणि तिच्यातून वीज पाठवणं धोक्याचं. दुकानदाराला "शुद्ध तांब्याची दाखवा" म्हणा, आतली एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर घेऊ नका. बाहेरून जाणाऱ्या भागासाठी काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, उन्हात टिकणारी तार घ्या. करडी घरगुती तार दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

मार्ग दोरीने मोजा. वळसे, चढउतार धरून जी लांबी येईल त्यावर तीन-चार मीटर जास्त घ्या. घरातून जाताना भिंतीच्या माथ्यावरून, वाशांच्या कडेने नेणं सोपं. उंदरांचा वावर माळ्यावर असतोच, म्हणून तार पीव्हीसी पाइपातून न्या. विजेच्या तारांच्या पाइपात ती कधीच घालू नका. समांतर जायची असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

बाहेरून जाणार असेल तर वळचणीखालून, पागोळ्यांच्या आतल्या बाजूने न्या. चिऱ्याला भोक पाडणं सोपं असतं, लांब बिट लागतं एवढंच. भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाडा, म्हणजे पाणी आत येणार नाही. तार भोकात शिरण्याआधी बाहेर तिला खाली झोका द्या, पाणी तिथून टपकून जातं. तार ओढून झाल्यावर भोक सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या आणि पाली तिथूनच आत येतात. टोकाचा प्लग तार ओढून झाल्यावर बसवायचा, म्हणजे भोक लहान पुरतं.

माडाखालून उघडी तार नेऊ नका. झावळ पडली की ती तुटणारच. माकडं लोंबती तार दिसली की झोके घेतात, त्यामुळे बाहेरची तार भिंतीला चिकटून किंवा जमिनीखालून गेलेली बरी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा डोक्यावरून गेलेल्या तारांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. जमिनीखाली नेताना जाड पाइप दीड-दोन फूट खोल पुरा आणि वर ओळखीसाठी विटा किंवा चिऱ्याचे तुकडे टाका, म्हणजे पुढे कुदळ मारणाऱ्याला कळेल.

प्लग बसवताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची पितळी टोकं वर आणि खटका खाली धरला की हा क्रम डावीकडून उजवीकडे जातो. साध्या टेस्टरने आठही दिवे क्रमाने लागतात का बघा. नंतर वेग १०० एमबीपीएसवरच अडकला तर समजा की चारपैकी एखादी जोडी नीट बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात.

टोकाला दुसरा राऊटर

तारेच्या टोकाला नवा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेलं इंटरनेट वायफायवर देणारं यंत्र, लावा किंवा कपाटात पडलेला जुना राऊटर वापरा. जुन्यात अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर पुढचा क्रम पाळा.

१. जुना राऊटर मागच्या भोकातलं बटण दाबून मूळ स्थितीत आणा. मुख्य राऊटरला जोडण्याआधी फक्त लॅपटॉपला किंवा फोनला जोडा.

२. मुख्य राऊटरचा पत्ता फोनच्या वायफाय तपशिलात 'गेटवे' म्हणून दिसतो. कुठे १९२.१६८.१.१ असतो, कुठे १९२.१६८.२९.१. दुसऱ्या राऊटरला त्याच मालिकेतला, पण वेगळा पत्ता द्या, जसं १९२.१६८.१.२. मुख्य राऊटर हाच पत्ता दुसऱ्या कुणाला वाटणार नाही, यासाठी त्याची वाटप-मालिका २० पासून सुरू करा.

३. दुसऱ्या राऊटरचा डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायची सोय, बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे. हे राहिलं तर इंटरनेट कधी चालेल, कधी नाही, आणि कारण शोधताना डोकं फिरेल.

४. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राऊटरसारखेच ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढची. २.४ चा चॅनल वेगळा: मुख्य १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर. सेटिंग बघायचा पासवर्डही बदला.

५. ओटीवरून आलेली तार वॅन नावाच्या भोकात न घालता लॅनच्या भोकात घाला.

आता फोन घेऊन ओटीवरून पडवीत जा. फोन ओटीकडच्या मुख्य राऊटरलाच चिकटून राहिला तर मुख्य राऊटरची २.४ ची ताकद मध्यम करा. दोघांची हद्द थोडी कमी झाली की फोन वेळेत उडी मारतो.

तारेतूनच वीज घेणारा अॅक्सेस पॉइंट घेतला तर आणखी एक सोय होते. त्याला वीज ओटीवरच्या छोट्या यंत्रातून जाते, म्हणजे लांबच्या खोलीत वेगळा प्लग लागत नाही आणि वीज गेल्यावर ओटीवरच्या एकाच बॅकअपवर दोन्ही टोकं चालतात. राऊटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेताना मात्र अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. तारेतून वीज देणाऱ्या यंत्राला बहुतेकदा जास्त व्होल्ट लागतात, त्यासाठी तशी सोय असलेला किंवा साधा संगणकाचा यूपीएस लागेल.

खळ्यापलीकडे: तांबं नको, फायबर

मांगर किंवा पर्यटकांची खोली वेगळ्या इमारतीत असेल तर तांब्याची तार नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा जोरात होतात. जवळपास कुठे वीज पडली तरी दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जळतात. दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं असलं तर धोका आणखी वाढतो. फायबर काचेची, तिच्यातून वीज जातच नाही.

यासाठी मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे लॅन तार आणि फायबर जोडणाऱ्या छोट्या डब्यांची, जोडी लागते, एका टोकाला 'ए' आणि दुसऱ्या टोकाला 'बी'. दोन्ही सारखे घेतले तर जोडणी होणार नाही, कारण एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. मधली फायबर एकच धागा पुरते. ती गावातल्या केबलवाल्याकडून मोजून घ्या आणि दोन्ही टोकं त्याच्याच यंत्रावर जोडून घ्या. कन्व्हर्टरला बहुतेकदा निळा कनेक्टर लागतो, कंपनीच्या ओएनटीला हिरवा. निळा-हिरवा एकमेकांत घालू नका, टोकाची काच नीट टेकत नाही. आधाराला पोलादी तार असलेली फायबर नको, धातू नसलेली मागा. नाहीतर फायबर घेण्याचा हेतूच फुकट जाईल. ती तीव्र वळवू नका आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका.

आगर मोठं असेल, खणणं शक्य नसेल, तर छपरांवर समोरासमोर रोखलेल्या दोन ५ गिगाहर्ट्झच्या अँटेना हा पर्याय आहे. २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग विनापरवाना खुला आहे. पण दोन्ही अँटेनांना एकमेकी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मध्ये आंब्या-काजूची झाडं असतील तर ओल्या पानांत जुलैपासून हा दुवा तुटत राहील.

पाऊस यायच्या आधी

मेअखेरीस एकदा सगळा मार्ग हाताने तपासा. प्लग काढून बघा. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर आला असेल तर प्लग कापून नवा बसवा. पडवीतला अॅक्सेस पॉइंट भिंतीच्या ओलीपासून बोटभर पुढे असू द्या, बाहेरची यंत्रं पाणीरोधक डब्यात, तारेची भोकं डब्याच्या तळाला. पट्टीवरचा सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग चांगलं असेल तरच काम करतो. तेव्हा वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला.

विजा सुरू झाल्या की प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते घरात कायम राहणाऱ्या माणसाच्या फोनवर असू द्या. आईवडील एकटे राहत असतील तर कोणता प्लग आधी काढायचा हे त्यांना हाताने करून दाखवा, आणि त्या प्लगांना लाल चिकटपट्टी लावून ठेवा.

शेवटचं काम फोनच्या सेटिंगमधलं. सिमच्या विभागात 'वायफाय कॉलिंग' चालू करा. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत घरात मोबाइलची रेंज येत नाही आणि म्हातारी माणसं फोन घ्यायला खळ्यात, पावसात उभी राहतात. वायफाय कॉलिंग असेल तर साधा फोनही त्याच वायफायवरून येतो, समोरच्याला काही वेगळं करावं लागत नाही. जिओ आणि एअरटेल दोन्हींच्या सिमवर ही सोय आहे, फोन मात्र ती असलेला हवा. नव्या खोलीत बसून एकदा घरच्या कुणाला कॉल करा आणि बोलत बोलत ओटीपर्यंत चालत जा. कॉल मध्येच तुटला तर दोन्ही राऊटरची नावं, पासवर्ड आणि ताकद पुन्हा तपासा.